लाउंजमधला पेला : फुकट, विकत की ‘जरा चांगली देऊ?’

अर्धी बॅग (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस या विषयावर धागा काढायचा होता. आज चेक-आउट करून टॅक्सीत बसल्या बसल्या टंकतोय. डोकं तापलंय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

कामानिमित्त महिन्यातले दहा-बारा दिवस हॉटेलात जातात. एका मोठ्या साखळीत गेली काही वर्षं वरच्या दर्जाचा मेंबर आहे. नाव घेत नाही, आणि विचारूही नका. या दर्जाबरोबर लाउंज मिळतो. सकाळी नाश्ता, दिवसभर चहा-कॉफी, संध्याकाळी दोन तास पेयं आणि थोडा चखणा. काउंटरवरच्या मुलीने की-कार्ड देताना स्वच्छ सांगितलं, “सर, ईव्हिनिंग कॉकटेल्स साडेपाच ते साडेसात. कॉम्प्लिमेंटरी.”

सहाला वर गेलो. टेबलावर जाड कागदाचं एक उभं कार्ड, त्यावर वळणदार अक्षरांत स्वागताचा मजकूर. वेटर आला, मी व्हिस्की सांगितली. त्याने हातातली बाटली दाखवली, जरा वाकला आणि घरचा माणूस विचारेल तसं हळूच विचारलं, “सर, हीच चालेल की जरा चांगली देऊ?”

आता मला सांगा, या प्रश्नाला ‘नको, वाईटच दे’ असं कोण म्हणतं? म्हटलं, द्या. दोन संध्याकाळी मिळून तीनदा दिली.

आज सकाळी फोलिओ, म्हणजे मुक्कामाचं बिल, हातात आला तर त्यात तीन ओळी: ‘लाउंज बेव्हरेज’. दर खालच्या बारमधलाच, त्यावर सर्व्हिस चार्ज, त्यावर टॅक्स. मी वर जाऊन ते उभं कार्ड घेऊन आलो. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलंय: ‘निवडक हाउस ब्रँड्स. प्रीमियम पेयांना मेनूप्रमाणे आकार.’ काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, कार्डवर आहे.” आहे खरं. कार्ड उलटं करून वाचणारा पाहुणा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या ऑफिसात दारूचं बिल चालत नाही, म्हणजे भुर्दंड माझ्याच खिशाला. पण पैशांपेक्षा तो ‘जरा चांगली’चा सूर डोक्यातून जात नाही. तुमचे अनुभव काय? आणि हे दर, हे नियम नेमके ठरवतं कोण?

खवचट

पहिला नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हाउस पॉपकॉर्न. जरा चांगले नकोत.

पन्नास रात्री

अर्धी बॅग, तुमचा राग समजतो, पण एक गोष्ट आधी वेगळी करू. लाउंजमध्ये शिरता येणं हा एक हक्क आणि आत काय मिळेल हा दुसरा. साखळीच्या मेंबरशिप प्रोग्रॅमच्या नियमांत पहिल्याबद्दल पानंच्या पानं असतात. दुसऱ्याबद्दल दोन ओळी, त्याही ‘हॉटेलच्या मर्जीनुसार’ अशा शेपटीच्या.

मॅरियट बॉन्व्हॉयमध्ये वर्षाला ५० रात्री झाल्या की प्लॅटिनम, आणि तिथून लाउंज सुरू. म्हणून माझा हा आयडी! पण त्याच घराण्यातल्या रिट्झ-कार्लटनचा क्लब लाउंज प्लॅटिनमलाही नाही आणि त्याच्या वरच्या टायटेनियमलाही नाही. तिथे क्लबची खोलीच घ्यावी लागते. हिल्टनमध्ये डायमंडला लाउंज आहे, गोल्डला नाही. हयातमध्ये ६० रात्रींचा ग्लोबलिस्ट झालात की क्लब, आणि हॉटेलात क्लबच नसेल तर त्याऐवजी नाश्ता. ॲकॉरमध्ये लाउंजसाठी प्लॅटिनम लागतं, पण सिल्व्हरपासूनच स्वागताचं एक पेय मिळतं. आयएचजीने २०२२ मध्ये प्रोग्रॅम नव्याने मांडला तेव्हा वेगळाच मार्ग काढला. तिथे दर्जाबरोबर लाउंज येत नाही. ४० रात्री झाल्या की बक्षिसांच्या यादीतून वर्षभराची लाउंज मेंबरशिप तुम्ही निवडायची. मला हा प्रकार आवडतो. ज्याला लाउंजची हौस आहे तो निवडेल, बाकीचे पॉइंट घेऊन घरी जातील.

या सगळ्यात ‘संध्याकाळी अमुक दर्जाची व्हिस्की मिळेल’ असं वाचल्याचं कुणाला आठवतंय का? मला तरी नाही. तुमचं भांडण त्या न लिहिलेल्या ओळीशी आहे.

कोरडी नदी

मी दारू पीत नाही. आता माझी तक्रार ऐका.

लाउंजमध्ये बीअर फुकट, वाइन फुकट. ताज्या फळांचा रस मागितला तर “मॅम, तो चार्जेबल आहे.” का? तर म्हणे मशीनमधला रस कॉम्प्लिमेंटरी, पण ताजा रस आणि मॉकटेल बारमधून येतं. समोरच्या गृहस्थाने दोन तासांत पाच ग्लास वाइन रिचवली, त्याचं बिल शून्य. मी एक मॉकटेल घेतलं, माझं बिल आलं. वरचा दर्जा दोघांचा सारखाच.

वेटरला म्हटलं, यात न्याय कुठला? बिचारा म्हणाला, “मॅम, वाइनची बाटली आधीच उघडलेली असते.” हे उत्तर मी अजून घोळवतेय. त्यात काहीतरी अर्थ असावा असा संशय आहे.

निशाचर

कोरडी नदी, त्यात बराच अर्थ आहे. नऊ वर्षं हॉटेलच्या नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशेब जुळवण्यात, काढली, हल्ली त्या लाइनमध्ये नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. लांबेल.

लाउंजमधल्या संध्याकाळचा आमच्यासाठी खरा शेवट व्हायचा रात्री दोनला. लाउंजच्या कपाटातल्या बाटल्या एका ओळीत उभ्या करायच्या, डोळा द्रवाच्या पातळीला आणायचा आणि दशांशात नोंदवायचं. जिन ०.७, व्हिस्की ०.४, वोडका पूर्ण. कालचा आकडा वजा आजचा आकडा म्हणजे आजचा खप. खालच्या बारमध्ये मात्र पेगापेगाची बीओटी, म्हणजे बारच्या ऑर्डरची चिठ्ठी, फाटते. लाउंजच्या हाउस बाटल्यांना ती कटकट नसते, सगळा खप एकदम ‘एनसी’ खाली टाकतात. एनसी म्हणजे नॉन-चार्जेबल. आणि हा खर्च आमच्याकडे बारच्या नावावर जात नसे, रूम्स विभागाच्या नावावर जायचा, कारण लाउंज हा खोलीच्या भाड्याचा भाग धरतात. तोही खरेदीच्या भावाने. मेनूचा दर इथे कुणी धरत नाही.

आता ‘जरा चांगली’. ती बाटली लाउंजच्या कपाटात नसतेच. ती खालच्या बारची असते. वेटरला ती वर आणायची तर बीओटी फाडावीच लागते, नाहीतर रात्री बारच्या हिशेबात तेवढे मिलिलिटर कमी येणार आणि बारमन आमच्या डोक्यावर बसणार. बीओटी फाटली म्हणजे ती कुणाच्या तरी खोलीवर पडली पाहिजे. म्हणून अर्धी बॅग, तुमच्या वेटरने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याची चूक एकच: “ही तुमच्या दर्जात, ती मात्र बिलावर” हे पाच शब्द त्याने गिळले. ते का गिळले हेही सांगतो. आमच्याकडे ब्रीफिंगच्या फळ्यावर अपसेलचा, म्हणजे पाहुण्याला महागडं घ्यायला लावण्याचा, तक्ता असायचा, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे काड्या मारलेल्या. वाक्यसुद्धा शिकवलेलं असायचं. तुमचं ‘जरा चांगली देऊ?’ वाचलं आणि तो फळाच डोळ्यांसमोर आला.

कोरडी नदींचं मॉकटेल तसंच. ते बारमध्ये बनतं, म्हणून बीओटी, म्हणून बिल. वस्तू स्वस्त की महाग याचा संबंध नाही, ती कुणाच्या कपाटातून निघाली एवढंच. वाइनची बाटली संध्याकाळी साडेपाचला लाउंजच्या खात्यावर उघडली जाते. ती संपली काय किंवा उरली काय, दोन दिवसांत तिची चव जाणार. त्यामुळे पाचवा ग्लास ओतताना कुणाचा हात थरथरत नाही.

अर्धी बॅग

निशाचर, दंडवत. ते पाच शब्द त्याने म्हटले असते तर हा धागाच निघाला नसता.

खवचट

‘पाच शब्द’ मोजले. सहा आहेत. ऑडिटवाल्यांचा हिशेब.

निशाचर

:) म्हणूनच ती लाइन सोडली.

मधली सीट

लाउंजचा आणखी एक प्रकार राहिला: ऑनर बार. बाटल्या उघड्या मांडलेल्या, शेजारी कागदाची चिटोरी, पेन्सिल आणि फटीचा डबा. आपणच ओतायचं, चिठ्ठीवर खोली नंबर लिहून खूण करायची आणि डब्यात टाकायची. वेटर नाही, माप नाही.

एकदा तासभर मी तिथे लॅपटॉप उघडून बसलो होतो. काम कमी, निरीक्षण जास्त. एक सूटवाले गृहस्थ आले, ग्लासात तीन बोटं ओतली, चिठ्ठी घेतली, एक खूण केली. मग ग्लासाकडे पाहिलं. मग आणखी अर्धी खूण केली. अर्धी! चिठ्ठी डब्यात टाकली, दोन पावलं गेले, परत आले, अजून एक बोट ओतलं आणि पेन्सिलीला हात न लावता निघून गेले. मला वाटतं त्या अर्ध्या खुणेत त्यांनी पुढच्या बोटाची सोय आधीच केली होती.

बाकी त्या डब्याला कुलूप होतं. विश्वास पाहुण्यांवर, कुलूप चिठ्ठ्यांना.

पन्नास रात्री

अमेरिकेतल्या बऱ्याच लाउंजमध्ये दारू विकतच असते, कुठे ऑनर बार, कुठे वेटर. आशियातल्या लाउंजची सवय झालेला माणूस तिथे पहिल्यांदा गेला की हमखास फसतो. दर्जा तोच, कार्ड तेच, साखळी तीच, फक्त समुद्र ओलांडला की पेला बिलावर. गंमत म्हणजे त्याच देशात एम्बसी स्वीट्ससारख्या ब्रँडमध्ये संध्याकाळचं रिसेप्शन सगळ्या पाहुण्यांना खुलं असतं. दर्जाबिर्जा काही लागत नाही. किम्प्टनची संध्याकाळची वाइनसुद्धा अशीच सगळ्यांसाठी म्हणून गाजली.

कलम तीन

यात कायद्याचाही भाग आहे, तो सहसा कुणी बघत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८४ पासून हॅपी अवरला, म्हणजे ठरावीक वेळेपुरत्या स्वस्त पेयांना, बंदी आहे, आणि परवानाधारक जागेत पेय फुकट वाटायलाही मनाई. आयर्लंडने २००३ च्या कायद्याने हॅपी अवर बंद केले. अशा ठिकाणी हॉटेलने मनात आणलं तरी ‘आमच्या खास पाहुण्यांना दोन तास मोकळं’ असं म्हणताना वकिलाला विचारावं लागतं. तेव्हा एका गावच्या लाउंजवरून दुसऱ्या गावच्या लाउंजवर चिकटपणाचा शिक्का मारण्याआधी तिथला परवाना काय म्हणतो ते बघावं.

मापाचंही तसंच. ब्रिटनमध्ये जिन, रम, वोडका, व्हिस्की बारमध्ये विकायची तर २५ किंवा ३५ मिलीच्या मापात, नाहीतर त्यांच्या पटीत. वाइनचा ग्लास १२५ किंवा १७५ मिलीचा. ‘सिंगल’ मागितलं की कुठे २५, कुठे ३०, कुठे ४५ मिली येते. मेनूवरचा दर बघून हॉटेल महाग की स्वस्त हे ठरवणारे माप बघतच नाहीत. वकील असल्यामुळे मी आधी तेच बघतो. बायको त्यामुळे माझ्याबरोबर लाउंजमध्ये बसत नाही, ते सोडा.

वायफळ

कुणीतरी सरळ सांगा ना, बारमध्ये पेल्याचा दर एवढा असतो तरी का? बाटली दुकानात केवढ्याला मिळते ते आम्हाला माहीत आहे.

निशाचर

सांगतो. रुपये-डॉलर नकोत, नुसतं गणित करू.

७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे २५ पेग निघतात. बारचा नेहमीचा आडाखा असा असतो की विक्रीच्या पाचव्या भागाच्या आसपास मालाची किंमत बसावी. म्हणजे पहिल्या पाच पेगांत बाटली वसूल, उरलेल्या वीस पेगांत बारमनचा पगार, भाडं, बर्फ, फुटलेले ग्लास, परवाना, सांडलवंड आणि नफा. वाइनचं तर याहून रोखठोक: बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास, आणि कित्येक ठिकाणी पहिल्या ग्लासाच्या दरात अख्खी बाटली निघावी असा दर लावतात. कारण उरलेले चार ग्लास विकले जातीलच असं नाही, आणि उघडलेली वाइन कुणासाठी थांबत नाही.

आता हेच गणित लाउंजला लावा. पाहुणा म्हणतो, “मी तीन पेग घेतले, माझे तीन पेगांचे पैसे वाचले.” तो मेनूच्या दराने मोजतो. हॉटेल म्हणतं, “याचे तीन पेग आम्हाला अर्ध्या पेगाच्या दराहून जरा जास्त पडले.” ते खरेदीच्या भावाने मोजतात. दोघंही खरं बोलतात. तुम्हाला पाच वाटतात आणि आम्हाला एक पडतो, ही या सवलतीची सगळी जादू. म्हणून हॉटेलं पाहुण्याला रोख सूट द्यायला कचरतात आणि पेला हसत देतात.

पण मग दोनच तास का? कारण खरा खर्च बाटलीचा नव्हेच. तोच पाहुणा एरवी खालच्या बारमध्ये येऊन पूर्ण दराने प्याला असता, तो गेला. आमचा बार मॅनेजर लाउंजला ‘वरचं भोक’ म्हणायचा. साडेसातला लाउंज बंद होतो यात घड्याळाची शिस्त वगैरे काही नाही. तुम्हाला किंचित चढलेली आणि बरीच भूक लागलेली अशा अवस्थेत खाली रेस्टॉरंटकडे सोडायचं असतं.

खवचट

“किंचित चढलेली आणि बरीच भूक लागलेली अवस्था” – हे माझ्या प्रोफाइलवर टाकतोय. परवानगी गृहीत.

कोरडी नदी

निशाचर, फार छान समजावलंत. पण मग उलट प्रश्न. मला पेला नकोच आहे, तर माझ्या वाट्याचा तो ‘एक’ मला दुसऱ्या रूपात का मिळू नये? दोन शर्टांची इस्त्री द्या. उशिरा चेक-आउट द्या. पाच जणांच्या मीटिंगला लाउंजचा कोपरा द्या. वरच्या दर्जाचा पाहुणा म्हणजे संध्याकाळी ग्लास हातात धरणारा पुरुष, हे चित्र कुणी काढून ठेवलंय?

पन्नास रात्री

थोडंफार मिळतं की. मॅरियटच्या मोठ्या हॉटेलांत प्लॅटिनमला चेक-इनच्या वेळी पर्याय विचारायचा असतो: १,००० पॉइंट घेणार की खाण्यापिण्याची भेट? तुमच्यासारखीने पॉइंट घ्यावेत. हिल्टनने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांत नाश्त्याऐवजी खाण्यापिण्याचं क्रेडिट सुरू केलं, ते नाश्त्यातच घालवायची सक्ती नाही. अर्थात त्या क्रेडिटमध्ये पूर्ण नाश्ता बसतोच असं नाही, त्यावरून तिकडे बरंच रण माजलं होतं.

चित्राचं म्हणाल तर ते ऐंशीच्या दशकात काढलंय. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांचे मैल मोजून बक्षिसं द्यायला सुरुवात केली, १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट आपापले प्रोग्रॅम घेऊन उतरले. पाहुणा कोण? सेल्समन, मॅनेजर, आठवड्यातले चार दिवस बाहेर, बिल कंपनीचं. संध्याकाळी त्याला काय हवं असेल ते धरून सगळं रचलं गेलं. आता पाहुणा बदललाय, लाउंजचं फर्निचर बदललंय, साडेपाच ते साडेसात तेवढं तसंच आहे.

मधली सीट

माझा प्रश्न पैसे भरून क्लबची खोली घेणाऱ्यांबद्दल आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी हौसेने क्लब फ्लोअरवर खोली घेतली. साध्या खोलीपेक्षा बराच फरक भरला. संध्याकाळी वर गेलो तर बसायला जागा नाही. दारात रांग! सगळे दर्जावाले. त्यांनी लाउंजसाठी वेगळा पैसाही भरलेला नाही, आणि मी भरला तो उभं राहायला.

तेव्हापासून मी गणित करूनच जातो. बारमधल्या एका पेल्याचा दर म्हणजे १ धरा. समजा क्लबच्या खोलीचा फरक ६ आहे. दोघांचा नाश्ता खाली घेतला तर ३ पडतो आणि तो आम्ही खातोच. म्हणजे उरले ३. दोघांत मिळून संध्याकाळी तीन पेले झाले तर बरोबरी. बायको एक घेते, मी दोन. बरोबरी झाली, मी खूश. पण हे गणित हाउस ब्रँडवर टिकतं. त्याने ‘जरा चांगली देऊ?’ विचारलं आणि मी मान हलवली की एका वाक्यात पाणी फिरलं. आणि रांगेत अर्धा तास गेला तर दोन तासांचे दीडच उरतात, त्याचा भाव कुठे लावायचा?

पन्नास रात्री

गर्दीचं कारण क्रेडिट कार्ड. अमेरिकेत हिल्टनचं अस्पायर कार्ड घेतलं की थेट डायमंड, आणि मॅरियटचं ब्रिलियंट कार्ड २०२२ पासून थेट प्लॅटिनम देतं. एक रात्रही न राहता! त्यात साथीच्या काळात साखळ्यांनी लोकांचे दर्जे पुढे वाढवून दिले, आणि त्याच काळात बंद पडलेले काही लाउंज नंतर उघडलेच नाहीत. पाहुणे वाढले, खुर्च्या कमी झाल्या. मी वर्षाच्या ५० रात्री परक्या गादीवर झोपून काढतो, आणि शेजारी बसलेला कार्डवाला मला विचारतो, “इथे पासवर्ड काय आहे हो?”

दुखणं आहे, पण व्यक्तिगत. सोडून द्या.

निशाचर

दुखणं व्यक्तिगत नाही, त्याला मालक आहे. अर्धी बॅग यांनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं की दर आणि नियम ठरवतं कोण. त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

दारावर ज्या साखळीची पाटी असते, ती इमारत बहुतेक वेळा तिची नसते. मॅरियटने १९९३ मध्ये कंपनीचे सरळ दोन तुकडे केले: इमारती होस्ट मॅरियटकडे, हॉटेलं चालवण्याचा धंदा मॅरियट इंटरनॅशनलकडे. पुढे मोठ्या साखळ्यांचा कल त्याच दिशेने गेला. पाटी, बुकिंग आणि प्रोग्रॅम साखळीचा. इमारत, पगार, वीज आणि बाटली मालकाची.

आता बघा. प्लॅटिनम कुणी वाटलं? साखळीने. कार्डाच्या बँकेकडून पैसे कुणाला मिळाले? साखळीला. आणि संध्याकाळी सहाला तो प्लॅटिनम येऊन बसला की बाटली कुणाची रिकामी होते? मालकाची. आमच्या महिन्याच्या बैठकीला मालकाचा माणूस यायचा, लाउंजच्या ओळीवर बोट ठेवायचा आणि एकच विचारायचा, “हे आणि किती?” जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, खाली बघायचा. साखळीचे किमान नियम मोडता येत नाहीत, मग कात्री कुठे लागते? नियमात न लिहिलेल्या जागी. ब्रँड एक पायरी खाली येतो. वेटर दोनाचा एक होतो. चीज जाऊन शेंगदाणे येतात. दोन तासांचे दीड होतात. आणि टेबलावरच्या कार्डाच्या मागच्या बाजूला एक ओळ छापली जाते.

म्हणून काउंटरवरच्या मुलाशी भांडून उपयोग नसतो. साखळीला लिहिलंत तर ती तुमचं ऐकते, कारण तुम्ही तिचे पाहुणे. पण ती पॉइंट देऊन मोकळी होते, कार्डाची ओळ तशीच राहते. ओळ हलवायची असेल तर हॉटेलच्या जीएमला लिहा, आणि तेही मुक्कामाच्या सर्व्हेमध्ये. त्या सर्व्हेच्या आकड्यावर त्याचं वर्ष ठरतं. आमचा जीएम सकाळी पेपरच्या आधी तो आकडा बघायचा.

कलम तीन

आणि लिहिताना ‘फसवलं’ हा शब्द टाळा. ‘दर सांगितला गेला नाही’ एवढंच लिहा. पहिल्यावर ते खुलासा पाठवतील, दुसऱ्यावर पैसे परत करतील.

वायफळ

अवांतर: लाउंजमधून पाण्याच्या बाटल्या बॅगेत टाकून नेलेल्या चालतात का? मित्रासाठी विचारतोय.

खवचट

मित्राला सांगा, एक चालते. सहा नेताना बॅगेचा आवाज येतो.

कोरडी नदी

निशाचर यांची मागची पोस्ट वाचल्यावर मला त्या वेटरची दयाच आली. मालक वरून दाबतोय, पाहुणा खालून भडकतोय, आणि मधे तो दोन बाटल्या हातात घेऊन उभा.

तरी मॉकटेलचे पैसे मी विसरणार नाही.

अर्धी बॅग

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

कलम तीन यांच्या शब्दांत लिहिलं आणि निशाचर यांच्या पत्त्यावर धाडलं, म्हणजे सर्व्हेत. तिसऱ्या दिवशी जीएमचं उत्तर आलं. तीनपैकी दोन ओळी काढल्या, एक ठेवली. कारण दिलं नाही. मला वाटतं पहिल्या पेगाला मी अजाण होतो, दुसऱ्यालाही होतो, तिसऱ्यापर्यंत मला कळायला हवं होतं, असा काहीतरी हिशेब असावा. किंवा मधली सीट यांच्या सूटवाल्यांसारखी अर्धी खूण.

काल पुन्हा त्याच हॉटेलात आलो. कार्ड तेच, मागची ओळही तीच, अक्षरं तेवढीच. तोच वेटर आला, तसाच वाकला, “सर, हीच चालेल की जरा चांगली देऊ?”

मी विचारलं, “एनसी की बीओटी?”

तो सरळ उभा राहिला. म्हणाला, “सर हॉटेल लाइनमधले का?” मी नुसता हसलो. त्याने हाउसचीच बाटली उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि माप न लावता ओतली.

निशाचर

रात्री दोनला तिथल्या कुणीतरी ०.६ च्या जागी ०.५ लिहिलं असणार.